चंद्रीनं पाय उचललाय, चाचा

दस्तगीरचाचा, तुमी गेलाव हे पूर्ण्यात समद्यांना कळलं. स्टेशनावर कळलं, टांग्याच्या अड्ड्यावर कळलं, ताडकळसच्या बाजारात बैलवाल्यांना बी कळलं. फक्त माझ्या चंद्रीला कळलेलं न्हाई. घोडीला असलं कसं सांगतात ते मला येत न्हाई. मला सतरा जणांचे आवाज येतात, पण त्यातला एक बी ह्या कामाचा न्हाई. स्टेशनमास्तरच्या आवाजात सांगावं तर तिला वाटंल गाडी लेट हाय. हेडमास्तरच्या आवाजात सांगावं तर मलाच छडी खायला हात पुढं करावा वाटतो.

परवा तुमची जियारत झाली, तिसऱ्या दिवसाची. मी आल्तो. समद्यांच्या मागं, लोक जोडे काढून ठेवतात तिथं बसल्तो. माणसं माझ्याकडं वळून वळून बघत व्हती. मन्मथ जिथं बसतो तिथं कायतरी हसायचं निघतं, ही त्यांची सवय. मी आपली मुंडी खाली घालून जोड्यांकडं बघत बसलो. एवढे जोडे, आन त्यात तुमचे न्हवते.

हे लिहून काढायलो, कारण बोलून बघितलं. बोलण्याचं काय झालं ते पुढं सांगतो.

आपली पहिली गाठ आठवतीय का? माळेगावच्या जत्रेतून मी टांग्यासाठी चंद्री आणली तवा. आमचं घर किराण्याचं. बाप म्हणला, तराजू सोडून जलमभर घोडीची शेपटी बघत फिरणार का. मी म्हणलं, शेपटी हालती तरी, तुमच्या तराजूचा काटा तुमी हालू देत न्हाई. घरात त्या दिवशी जेवण मिळालं न्हाई. तशीच घोडी घेऊन स्टेशनरोडच्या लिंबाखाली तुमच्या नालबंदीच्या छपरीत आलो. तुमी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. चंद्रीचा पुढचा पाय उचलला, खूर नाकापाशी नेऊन हुंगला, अंगठ्यानं दाबला, आन म्हणलाव, "घोडी अच्छी है. मालिक बोलता भौत."

तवर मी तोंडातून एक शब्द काढला न्हवता. तुमाला कसं कळलं, ते मला अजून कळलं न्हाई.

बैलाचं काम तुमचं येगळं व्हतं. ताडकळसच्या बाजारात चारी पायात कासरा घालून बैल आडवा पाडायचा, एकानं मानेवर बसायचं, आन खुराला पत्र्या ठोकायच्या. घोड्याला मात्र तुमी जलमात दोर लावला न्हाई. घोड्याला तुमी पाय मागायचाव. पहिल्यांदा एक बारका खोकला. मग, "ला बेटी. ला. ला. ला." दर 'ला' आधीच्यापेक्षा खाली उतरलेला, शेवटचा तर नुसता घशातच. आन चंद्री, जी मला लगाम घालताना दोनदा चावली, ती लेकीनं बांगड्या भरायला हात पुढं करावा तसा पाय उचलून तुमच्या मांडीवर द्यायची. एका पायाचं झालं, परत 'ला' म्हणलं, की दुसरा. चुकायची न्हाई.

आन काम झालं की तुमी तिच्या गुडघ्याजवळ तोंड नेऊन कायतरी पुटपुटायचाव. ते झाल्याबिगर ती पाय खाली ठेवत न्हवती. तुमी विडी पेटवायला थांबलाव तर तशीच तीन पायावर उभी. मी हे शंभरदा बघितलं. पण काय पुटपुटायचाव ते कधी कान देऊन ऐकलं न्हाई. त्यात हसण्यासारखं काय न्हवतं, मग मला त्याचं काय काम?

'ला बेटी' मात्र मी आठ दिवसात उचललं. अड्ड्यावर खंडू टांगेवाला, बाकीचे चारसहाजण, गाडी यायची वाट बघत बसले की म्हणायचे, मन्मथ, चाचा काढ. मी काढायचा. लोक लोळायचे. एकदा तुमी मागंच उभे व्हताव. मला वाटलं आता हातोडी बसती. तुमी जवळ आलाव आन म्हणलाव, खोकला आधी येतो, 'ला' नंतर, तू उलटं करायलास. दोनदा खोकून दाखवलं. माझी नक्कल मलाच दुरुस्त करून देणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाई. पोलिसातल्या अमीनसाहेबांची नक्कल केली तवा त्यांनी मला चौकीत बसवून ठेवलं व्हतं. तुमी मला खोकला शिकवला.

आवाजाचं तुमाला बी लय येड. खिळा ठोकताना तुमी डोळे बारीक करून ऐकत बसायचाव. खुराची बाहेरची भिंत कठीण, तिच्यातून खिळा चालला की टण टण वाजतो. आत जिवाळी हाय, तिथं जिवंत मांस. खिळा तिकडं वळला की आवाज दबका व्हतो. तो दबका आवाज आला की तिथंच थांबायचं, खिळा उपसायचा, परत नवा. तुमी म्हणायचाव, डोळ्याला खुराच्या आतलं दिसत न्हाई, कानाला दिसतं. मी ते टण टण बी तोंडानं काढून दाखवायचा. आन तुमी दर वेळेस तेच म्हणायचाव, "आवाज उठा लिया बेटा. हाथ भी उठा ले कभी."

तुमाला मूलबाळ न्हाई. तुमच्यामागं हातोडी कोण धरणार, ते तुमी माझ्याकडं बघून ठरवून टाकलं व्हतं. मी म्हणायचा, चाचा, माझ्या हाताला लगामच बरा, हातोडी घेतली तर मी पहिला खिळा खंडूच्या टांग्याला ठोकीन. तुमी हसायचाव. मग परत पंधरा दिवसांनी तेच. हे भांडण आपलं मिटलंच न्हाई. मला वाटायचं, त्याला काय घाई.

मग लढाईपायी लोखंड मिळंनासं झालं. निजाम सरकारातून नव्या नालाचा माल बंद. जुनेच नाल तुमी ठोकून ठोकून पापडासारखे केले. आन एक दिवस तुमच्या छपरीत म्हशीचं जाड कातडं भिजत घातलेलं दिसलं. मी विचारलं, मोट शिवायलाव का काय. तुमी म्हणलाव, घोड्याचे जोडे.

त्या जोड्यावर लोकांना हसवून मी लय दिवस काढले, चाचा. खाली मोटारच्या फाटक्या टायरचा तळ, वर चामडं, आत लोकरीच्या नमद्याचा तुकडा, आन खुराच्या वर बांधायला पट्टा. तुमी मला समजावून सांगत व्हताव, की लोखंडानं पाय झिजत न्हाई हे खरं, पण दर महिन्याला भोकं पडून पडून खुराची भिंत चाळणी व्हती. आपल्या इकडं पावसाळ्यात काळ्या मातीत तर नाल कामाचाच न्हाई, मातीच धरून ठेवती. चिखलात उघड्या पायानं चालव, खडीच्या सडकेवर जोडे घाल, वर्षातले चार महिने पायाला हवा खाऊ दे. तुमी हे सांगताना तुमचा आवाज वर चढत व्हता. मी तेवढंच बघत व्हतो. दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर तहसीलदाराच्या आवाजात हुकूम वाचून दाखवला, की आजपासून समद्या घोड्यांनी दरवाजाबाहेर जोडे काढून आत यावं, आन ज्या घोडीकडं जोडे न्हाईत तिनं निदान पाय धुवावेत. खंडू हसून हसून रडला. तुमी बी हसलाव. पण त्या दिवशी जरा उशिरा हसलाव. मला ते दिसलं व्हतं.

आता ज्या दिवसाचं लिहायचं, त्या दिवसावर येतो.

दुपारच्या गाडीला अजून येळ व्हता. चंद्रीच्या पुढच्या पायाचे नाल ढिले झालते म्हणून मी तिला आणलं. अमीनसाहेबांचा सईस त्यांचे दोन घोडे घेऊन आपल्या पाळीची वाट बघत लिंबाच्या पलीकडच्या अंगाला बसल्ता. खंडू आन बाकीचे बी तिकडंच. छपरीत आपण तिघंच: तुमी, मी आन चंद्री. मी तिच्या तोंडापाशी लगाम धरून उभा. तिचा उजवा पाय तुमच्या मांडीवर. चार खिळे झाले व्हते, पाचवा चालू व्हता. तुमी डोळे बारीक केले, आन खिळ्याचा आवाज ऐकायला लागलाव.

मला काय सुचलं ते मला आज बी सांगता येत न्हाई. मला बघायचं व्हतं, घोडी फसती का. माणसं फसतात, हेडमास्तरची बायको एकदा फसली, पण घोडी? मी तिच्या कानाला तोंड लावलं. बारका खोकला. आधी खोकला, तुमी शिकवला तसा. मग, ला बेटी, ला, ला, ला. एकदम बारीक. पलीकडं बसलेल्यांना काय ऐकू गेलं न्हाई.

घोडी फसली, चाचा. तिला वाटलं उजव्याचं झालं, आता डावा मागितला. तिनं डावा उचलला. उजवा तुमच्याकडंच व्हता. पुढं दोन्ही पाय वर, सगळा भार तुमच्या मांडीवर आला, खूर वाकडा झाला, आन उचललेली हातोडी खाली आली ती खिळा आत घेऊनच. तुमी खिळ्याचा आवाज ऐकत व्हताव, आन मधीच तुमाला तुमचाच आवाज ऐकू आला. त्या दबक्या ठोक्याची नक्कल मी कधीच केली न्हाई. मला ती करता येती. पण मी करणार न्हाई.

चंद्री वरडली. घोडी तशी वरडती हे मला म्हाईत न्हवतं. तुमी पडलाव तसंच उठून जंबुरानं खिळा उपसला. मागून रक्त आलं. पलीकडचे समदे पळत आले. अमीनसाहेबांच्या सईसानं विचारलं, क्या हुआ चाचा. तुमी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. रागानं बघितलं असतं तर मी तिथंच बोललो असतो. तुमी असं बघितलं, जसं कोणी पडलं तर लागलं का म्हणून बघतात.

आन तुमी म्हणलाव, "हाथ बहक गया मेरा."

मी लगाम धरून उभा. सतरा आवाज येणारं माझं तोंड, आन त्यातून माझा एक बी निघंना.

सईसानं त्या दिवशी दोन्ही घोडे तसेच परत नेले. आठवडाभरात चौकीचं काम वसमतच्या नालबंदाकडं गेलं. मग देशमुखाची घोडी गेली. मग टांगेवाले एकेक करून. कोणी तोंडावर बोललं न्हाई. खंडू म्हणायचा, चाचाचं वय झालं, हात थरथरतो, बिचारा. तुमचा हात? उभ्या जलमात तुमचा एक खिळा जिवाळीत गेला न्हवता. घोड्याचं काम सुटलं, आन राहिला नुसता ताडकळसचा बैलबाजार. बैल पाडायचा, पत्र्या ठोकायच्या. ज्या माणसानं जलमभर पाय मागून घेतला, त्याला म्हातारपणी दोरानं बांधून काम करावं लागलं. मी ते बघायला ताडकळसला एकदाच आलो. परत आलो न्हाई.

चंद्रीच्या पायात पू झाला. तुमी रोज यायचाव. लिंबाचा पाला, हळद, जवसाचं गरम पोटीस, आन वरून तोच जोडा, ज्याच्यावर मी हुकूम काढलता. चालताना दोन्ही खांदे सारखे राहावेत म्हणून तुमी दुसऱ्या पायाला बी जोडा केला. जोडे रात्री माझ्या घरी ठेवायची सोय न्हवती. आमच्या आईला कातडं घरात चालत न्हाई, गोठ्यात बी न्हाई. म्हणून तुमी ते संध्याकाळी काढून न्यायचाव, छपरीतल्या खुंटीला टांगायचाव, आन सकाळी परत आणून घालायचाव. दीड महिना. माझ्या घोडीसाठी. ते बी माझ्यापायी.

त्या दीड महिन्यात मी तुमाला रोज हसवलं. तुमाला म्हाईत हाय. तुमी पोटीस बांधायचाव आन मी आवाज काढायचा, स्टेशनमास्तर, पोस्टमन, चाचीच्या माहेरचा तो बोबडा मामू. रोज ठरवून यायचा, आज बोलायचं. रोज तोंड उघडलं की दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज निघायचा.

एकदा तुमी स्वतः विचारलं. पट्टा आवळत व्हताव, वर न बघता म्हणलाव, "मन्मथ, कुछ बोलना है क्या तेरे कू?" तुमी थांबले व्हताव. हात पट्ट्यावर तसाच. आन मी, चाचा, मी तहसीलदाराच्या आवाजात म्हणलं, अर्ज लिखके लाव, जबानी अर्ज नामंजूर. तुमी हसलाव. पट्टा आवळला. पाय खाली ठेवायच्या आधी तिच्या गुडघ्यापाशी पुटपुटलाव ते पुटपुटलाव. आन ती गोष्ट तिथंच संपली.

हा बघा, आणलाय लेखी अर्ज. लय उशिरा आणलाय.

पाय बरा झाल्यावर बी आपलं भांडण झालं. तुमी म्हणलाव, अजून चार महिने लोखंड नको, जोड्यावरच चालव. मला अड्ड्यावर लाज वाटत व्हती. उतारू विचारायचे, घोडीचं लगीन हाय का. दुसऱ्याच्या जोड्यावर मी हसलेलो; माझ्याच घोडीच्या जोड्यावर लोक हसायले तर मला सोसंना. मी हट्ट धरला. तुमी हातोडी उचलली. मग चारी पायाला नाल ठोकून दिले. खुरातलं जुनं भोक चुकवून, एकेक खिळा कान लावून. जोडे खुंटीलाच राहिले. तुमी म्हणलाव, राहू दे, लागतील.

मग तुमाला ताप आला. मी दोनदा आलो. पहिल्यांदा तुमी झोपले व्हताव. दुसऱ्यांदा जागे व्हताव, चंद्रीचं विचारलं, नाल कधी बदलायचे ते बोटावर मोजून सांगितलं. मी म्हणलं, तुमी उठा, मग बदलू. तुमी म्हणलाव, खूर वाट बघत न्हाई, वाढतो. मी अजून बोलून मोकळा झालो न्हवतो, पण मला वाटलं, तापातल्या माणसाला कशाला तरास. असं म्हणून मी माझाच तरास वाचवला.

खूर वाढला, चाचा. तुमी मोजून दिलेला दिवस आला आन गेला. चंद्री अडखळायला लागली. नालाच्या बाहेर खूर आलता. कालच्याला मी वसमतच्या नालबंदाला अड्ड्यावर बोलावलं. माणूस वाईट न्हवता. हत्यारं चांगली, हात साफ. पण त्यानं पाय धरायला हात लावला की चंद्री उडायची. तिसऱ्यांदा तिनं त्याला भिंतीला दाबलं. तो म्हणला, दोर आणा, बैलागत पाडू. मी मधी उभा राहिलो. म्हणलं, हिला कोणी कधी बांधलेलं न्हाई.

अड्ड्यावरचे समदे जमले व्हते. खंडू म्हणला, मन्मथ, चाचा काढ ना. ऐकंल ती.

मला तुमचा आवाज काढायचा न्हवता. खिळा गेला त्या दिवसानंतर मी कधी काढला बी न्हवता, कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. पण घोडी घामानं भिजली व्हती. दोर आला व्हता. मी तिच्यापाशी गेलो. खोकलो. म्हणलं, ला बेटी. ला. ला. ला.

तिनं कान मागं वळवले. तुमच्या छपरीकडं. आन उजवा पाय उचलला.

मग नालबंदानं तो पाय हातात घेतला. तिला हात परका लागला, तरी ती थरथरत उभी राहिली, कारण आवाज तुमचा व्हता. तिला मी दुसऱ्यांदा फसवलं. त्यानं घाईघाईनं पुढच्या दोन्ही पायाचे जुने नाल काढले, खूर तासला, आन नवा नाल लावायला खिळा हातात घेतला तसा तिनं पाय हिसकला. खिळा तिला आठवत असंल. तो म्हणला, ह्या घोडीला मी खिळा मारत न्हाई बाबा, माझं नाव जाईल.

नाव जाईल. एवढं त्यानं म्हणलं, आन माझ्या तोंडून ते निघालं. कोणाच्याच आवाजात न्हाई, माझ्या आवाजात. मी म्हणलं, "चाचाचा हात बहकला न्हवता. त्या दिवशी मी हिच्या कानात हाच आवाज काढला. खिळा माझ्यापायी गेला."

मग खंडू हसला. मग समदे हसले. खंडूनं माझ्या पाठीवर थाप मारली आन म्हणला, लेका, मेलेल्या माणसावर बी किस्सा रचलास, आन तोंड तर असं केलंस की मला खरंच वाटलं. मी म्हणलं, खरंच हाय. ते अजून हसले. मी वरडलो, रडलो, आईची शपथ घेतली. मी ज्याची ज्याची नक्कल करतो त्याच्या रडण्याची बी करतो, हे त्यांना म्हाईत हाय. कोणतरी म्हणलं, हे नवीन हाय, परत एकदा कर.

असा हाय बघा मी. लोक मला हसायला बसलेले, आन माझ्यापाशी एकच गोष्ट खरी.

आज सकाळी चाचीनं बोलावणं धाडलं. मला वाटलं, कळलं. तरी गेलो. दाराच्या पडद्याआडून तिनं बस म्हणलं. म्हणली, "तू अड्डे पे उनकी आवाज निकाल्या बोल के सुनी मैं." मी मान खाली घातली. ती म्हणली, "मेरे कू भी सुना एक बार."

मी खोकलो. खोकला तुमचाच आला. त्याच्यापुढं काय येईना. पडद्याच्या खाली तिची बोटं दिसत व्हती, पडद्याचा काठ धरलेली. मी तुमचा आवाज न्हाई दिला तिला. जे खरं व्हतं ते सांगितलं. पहिल्यापासून. हेडमास्तरच्या बायकोसुद्धा.

ती हसली न्हाई. म्हणली, "मालूम है. उसीच दिन खाने पे बैठे तब बोले मेरे कू."

मी विचारलं, काय म्हणले.

"बोले, पोट्टा डर गया है. बोलेगा." मग म्हणली, "रोज पूछती थी मैं. आज बोला क्या मन्मथ? तो बोलते, नहीं, आज भी हँसा के गया."

चाचा, तुमी मला एकदा तरी हाणायला पाहिजे व्हतं.

तिनं आतून जोडे आणून पडद्याखालून सरकवले. ताप यायच्या आधी तुमी त्याला करडईचं तेल लावून ठेवलं व्हतं, आन पट्टे नवे घातले व्हते. मला कधी सांगितलं न्हाई. पुढच्या पायाचे नाल निघालेत, नवे कोणी मारत न्हाई, सडकेवर खडी हाय. तुमी म्हणलं व्हतं तेच झालं, लागले.

तिथंच अंगणात मी चंद्रीला जोडे घातले. ती हुंगत राहिली. मग टांगा न जोडता नुसती धरून निघालो. मागचे दोन पाय वाजत व्हते, पुढचे दोन मुके. रस्त्यानं दोघंतिघं हसले. हसू दे. आईला आज सांगणार हाय, गोठ्यात खुंटी ठोकायची म्हणून. ती जेवण बंद करील. करू दे.

लिंबापाशी आलो. छपरीला कुलूप हाय. चंद्री तिथं थांबली. मी ओढलं, हालंना. मी एक शब्द बोललो न्हाई, खोकलो बी न्हाई. तिनं आपल्या आपण उजवा पाय उचलला आन वर धरला.

मी लगाम सोडला. तुमी बसायचाव तसा वाकलो, तिच्याकडं पाठ केली, आन तो पाय मांडीवर घेतला. जड असतो, चाचा. बघताना वाटत न्हवतं. जोडा काढला. खुरावर ते जुनं भोक अजून दिसतंय, आता खाली आलंय, पुढच्या तासणीत निघून जाईल. मी त्याच्यावरून अंगठा फिरवला. हुंगून बघितलं. काय कळायचं ते मला कळलं न्हाई. परत जोडा घातला, पट्टा आवळला. मग मी पाय सोडायला हात काढला.

तिनं पाय खाली ठेवला न्हाई.

तशीच वर धरून उभी. कान मागं वळवून. तुमी गुडघ्यापाशी तोंड नेऊन काय म्हणायचाव, त्याची वाट बघत. मी तोंड जवळ नेलं. सतरा आवाज येतात मला. तेवढं एक ऐकून ठेवलेलं न्हाई.

मी परत तो पाय मांडीवर घेतला, आन धरून उभा राहिलो.